अमेरिकेत शिकारीसाठी पहिली रायफल कोणती घ्यावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींकडून हे प्रश्न मला सतत येतात. नोव्हेंबर जवळ आला की ऑफिसातले सहकारी हरणाच्या शिकारीच्या गप्पा मारू लागतात, कुणीतरी "या वर्षी तूही चल" म्हणतं, आणि मग दुकानाच्या भिंतीवरच्या रायफलींची रांग पाहून माणूस गोंधळतो. दुकानदार एक सांगतो, सहकारी दुसरंच सांगतो. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: मध्यम ताकदीचं काडतूस निवडा, गोळीच्या बनावटीकडे नीट लक्ष द्या आणि वाचलेले पैसे सरावावर घाला. जनावर जागच्या जागी, यातना न होता पडावं, ही शिकाऱ्याची पहिली जबाबदारी आहे. पुढची सगळी उत्तरं त्याच हिशेबाने दिली आहेत.

यातलं काही भारतात लागू होतं का?

नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडची हौशी शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झालं. महाराष्ट्रात पिकांची नासधूस करणाऱ्या रानडुकरांबाबत वनखात्याची परवानगी मिळते, पण तो शेतकऱ्याच्या नुकसानीचा प्रश्न आहे. त्याला शिकारीचा छंद म्हणता येत नाही. इथे जे लिहिलं आहे ते अमेरिकेतल्या कायदेशीर, परवानाधारक शिकारीपुरतं.

मी एच-वन-बी व्हिसावर आहे. मला रायफल घेता येईल का?

हा प्रश्न सगळ्यात आधी सोडवा, कारण इथे चूक झाली तर प्रकरण थेट इमिग्रेशनपर्यंत जातं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला, म्हणजे एच-वन-बी, एच-फोर, एफ-वन या सगळ्यांना, बंदूक किंवा काडतुसं खरेदी करायला आणि जवळ बाळगायलाही मनाई आहे. या मनाईला काही अपवाद आहेत. त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. म्हणून क्रम असा ठेवा: आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग शिकारीचा परवाना, आणि त्यानंतर दुकान. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, त्यामुळे रायफल घरात असेपर्यंत परवान्यात एका दिवसाचाही खंड पडू देऊ नका. दुकानात जो केंद्रीय फॉर्म भरावा लागतो, त्यात नागरिकत्व आणि व्हिसाचे प्रश्न सरळ विचारलेले असतात. तिथे चुकीच्या चौकोनात खूण करणं हा गुन्हा आहे.

ग्रीन कार्ड असेल तर ही अट लागत नाही. तरीही राज्याचे नियम वेगळे असतातच. न्यू जर्सीत तर रायफल विकत घेण्याआधी पोलिसांमार्फत मिळणारं ओळखपत्र लागतं आणि त्याला वेळ लागतो. मनात जरा जरी शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. त्याची फी रायफलीच्या किमतीपुढे मोठी वाटली तरी द्या.

एकच रायफल सगळ्या जनावरांना चालेल का?

अमेरिकेपुरतं बोलायचं तर जवळजवळ सगळ्यांना चालेल. इथला बहुतेक शिकारी आयुष्यभर शेपटी उंचावून पळणाऱ्या व्हाइटटेल हरणामागेच असतो. मोठा नर साठपासून सव्वाशे किलोपर्यंत भरतो. त्याच्यापेक्षा हलकं म्हणजे पश्चिमेकडच्या माळरानावरचं प्राँगहॉर्न, चाळीस ते साठ किलोंचं. दुसऱ्या टोकाला एल्क हे थोरलं हरीण: मादी सव्वादोनशे किलोंच्या आसपास, नर सव्वातीनशेच्या. मूस त्याहूनही मोठं. मधल्या जागेत काळं अस्वल आणि रानडुक्कर.

या सगळ्या पट्ट्याला पुरेल असं काडतूस शोधायचं तर .३०८ विंचेस्टर, .३०-०६ स्प्रिंगफील्ड, .२७० विंचेस्टर, ७ एमएम-०८ आणि ६.५ क्रीडमोर ही पाच नावं पुढे येतात. यातलं कुठलंही घेतलंत तरी फसगत होणार नाही. अलास्कातलं मोठं तपकिरी अस्वल हा मात्र वेगळा विषय आहे, आणि पहिल्या रायफलीची निवड त्याच्यासाठी करू नये.

खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे?

समजा खोक्यावर छापलंय ".३०-०६ स्प्रिंगफील्ड, १८० ग्रेन". पहिला आकडा नळीच्या व्यासाचा, म्हणजे कॅलिबरचा, इंचाच्या शंभराव्या भागात. ०६ म्हणजे १९०६, हे काडतूस अमेरिकन सैन्याने स्वीकारलं ते वर्ष. १८० ग्रेन हे फक्त गोळीचं वजन. पितळी नळकांडं आणि दारू त्यात धरलेली नसते. १८० ग्रेन म्हणजे जेमतेम पावणेबारा ग्रॅम.

सारख्या व्यासाची काडतुसं एकमेकांच्या जागी चालतात असं अजिबात नाही. .३०८ आणि .३०-०६ मध्ये गोळीचा व्यास तोच असतो, पण एकाचं नळकांडं ५१ मिलिमीटर लांब आणि दुसऱ्याचं ६३. नळीवर जे नाव कोरलेलं आहे, तेच नाव काडतुसाच्या बुडावर हवं. .३०० ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ च्या रायफलीत गेल्याने रायफली फुटल्या आहेत. दोन प्रकारची काडतुसं एकाच पिशवीत कधीही ठेवू नका.

खोक्याच्या बाजूला किंवा मागे वेगाचा तक्ता असतो, तो वाचायची सवय लावा. .३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २७०० फूट वेगाने निघते आणि तोंडाशी तिची ऊर्जा २९०० फूट-पाउंडांच्या आसपास असते. पण जनावर नळीच्या तोंडाशी उभं नसतं. म्हणून शंभर, दोनशे आणि तीनशे यार्डांचे रकाने पाहा. कोलोरॅडोचा नियमही शंभर यार्डांवरच मोजतो: तिथे मोठ्या जनावरांसाठी किमान .२४ कॅलिबर, शंभर यार्डांवर १००० फूट-पाउंड ऊर्जा आणि आत जाऊन फुलणारी गोळी लागते. हरीण, प्राँगहॉर्न आणि अस्वलासाठी ती कमीत कमी ७० ग्रेनची, एल्क आणि मूससाठी ८५ ग्रेनची हवी.

.३०८ की .३०-०६?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. .३०८ बाजारात आलं १९५२ मध्ये, .३०-०६ त्याच्या आधी जवळपास अर्धं शतक. दीडशे ग्रेनच्या गोळीत दोघांचा फरक सेकंदाला शंभर फुटांच्या आसपास, आणि हरणाला तो कळणारही नाही. गोळी जड होत जाते तसा .३०-०६ चा फायदा दिसू लागतो: १८० ग्रेन तो सहज फेकतो, २०० आणि २२० ग्रेनच्या गोळ्याही त्यात मिळतात.

.३०८ ची रायफल थोडी आखूड आणि हलकी बनते, गोळी सुटताना खांद्याला धक्का कमी बसतो, आणि सरावाची स्वस्त काडतुसं तिला जास्त मिळतात. मी असं सांगेन: हरीण आणि रानडुक्कर हेच ठरलेलं असेल तर .३०८. पुढच्या काही वर्षांत एल्क किंवा मूसचा बेत पक्का असेल तर .३०-०६. बेत नुसता मनात असेल, तर परत .३०८ च.

६.५ क्रीडमोरचं एवढं कौतुक का?

हॉर्नाडी कंपनीने २००७ मध्ये ते मुळात लक्ष्यवेधाच्या स्पर्धांसाठी आणलं. त्याची गोळी लांबट आणि निमुळती असते. हवेत तिचा वेग सावकाश कमी होतो आणि आडवा वारा तिला कमी ढकलतो. खरा गुण मात्र धक्क्याचा. आठ पाउंडांच्या रायफलीत .३०-०६ चा धक्का वीस फूट-पाउंडांच्या घरात, .३०८ चा सोळा-सतराच्या, आणि क्रीडमोरचा बाराच्या आसपास. नवशिक्याच्या नेमावर याचा परिणाम लगेच दिसतो.

हरीण आणि प्राँगहॉर्नसाठी उत्तम. एल्कसाठी चालतं, पण गोळी कणखर हवी, अंतर मर्यादित हवं आणि जनावर आडवं उभं असायला हवं. पाचशे-सहाशे यार्डांवरून एल्क पाडल्याची चित्रफीत पाहून हे काडतूस घेऊ नका. तेवढ्या अंतरावर गोळी पोहोचायला पाऊण सेकंदाच्या आसपास लागतो आणि तेवढ्यात जनावर एक पाऊल पुढे टाकतं.

.२७०, ७ एमएम-०८, .२४३ यांचं काय?

.२७० हे १९२५ पासूनचं. सपाट मार्ग, बेताचा धक्का, आणि डोंगराळ भागातल्या शिकारीत नाव कमावलेलं. कुणी घरची जुनी .२७० देऊ करत असेल तर दुसरं काही शोधू नका. ७ एमएम-०८ माझ्या फार आवडीचं, पण छोट्या गावातल्या दुकानात त्याची काडतुसं मिळतीलच असं नाही. .२४३ हलक्या हरणासाठी छान, धक्का दहाच्या आत. एल्कसाठी मी ते सुचवत नाही, नियमात बसत असलं तरी.

मोठं जनावर म्हणजे मॅग्नम हवंच ना?

नाही. मॅग्नम म्हणजे जास्त दारू भरलेलं, जोरदार काडतूस. .३०० विंचेस्टर मॅग्नम हे १९६३ चं, ताकदवान आणि चांगलं काडतूस आहे. १८० ग्रेनच्या गोळीला ते सुमारे ३५०० फूट-पाउंड ऊर्जा देतं. पण धक्का पंचवीसच्या वर जातो, आवाजही तसाच, आणि सरावाची एक दुपार खांद्याला जड जाते. नवा माणूस अशा रायफलीवर दहा-बारा बार काढतो आणि चाप ओढण्याआधीच डोळे मिटायला शिकतो. ही सवय एकदा लागली की सुटायला फार वेळ जातो.

तुम्हाला ती लागली आहे का, हे पाहायची सोपी रीत आहे. रेंजवर मित्राला तुमच्या मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांमध्ये एखादं नकली, सरावाचं काडतूस घालायला सांगा, कुठे घातलं ते तुम्हाला कळू न देता. नकली काडतुसावर चाप ओढला की नुसता टक् आवाज होतो. त्या क्षणी नळी जागेवर स्थिर राहिली तर ठीक. नळीचं तोंड खाली बुचकळलं, खांदा पुढे झेपावला, तर तुम्ही धक्क्याला घाबरताय, आणि खऱ्या गोळीच्या वेळीही हेच होतंय. फक्त गोळीच्या आवाजात ते दिसत नव्हतं.

पोटात लागलेली मॅग्नमची गोळी ही पोटातच लागलेली गोळी असते. फुप्फुसांतून गेलेली .३०८ ची गोळी जनावराला बहुतेक वेळा शंभर यार्डांच्या आत खाली आणते.

गोळीची बनावट इतकी महत्त्वाची का?

कारण जनावराला भेटते ती गोळी. रायफल आणि काडतूस तिला फक्त तिथवर पोहोचवतात. दुकानात अर्धा तास कॅलिबरवर वाद घालणारा माणूस शेवटी समोर दिसेल ते स्वस्त खोकं उचलतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

साधी शिकारी गोळी म्हणजे शिशाचा गाभा आणि वरून तांब्याचं पातळ आवरण. टोकाला शिसं उघडं किंवा प्लॅस्टिकचं टोक असतं. आत शिरली की ती फुलते, व्यास जवळपास दुप्पट होतो, आणि फुप्फुसांत रुंद मार्ग पाडते. हरणासाठी एवढं पुरतं, आणि या गोळ्या स्वस्तही असतात. पण हीच गोळी जवळून, पूर्ण वेगात एल्कच्या खांद्याच्या हाडावर बसली तर तिचे तुकडे होऊ शकतात आणि आतपर्यंत काहीच पोहोचत नाही.

त्यासाठी कणखर गोळ्या आहेत. काहींत गाभा आवरणाला सांधलेला असतो. नॉस्लर पार्टिशन १९४८ पासून मिळते. तिच्या मधोमध तांब्याची आडवी भिंत असते, पुढचा भाग फुलतो आणि मागचा अखंड राहून खोल जातो. तिसरा प्रकार पूर्ण तांब्याचा. अशी गोळी जनावराच्या पलीकडच्या कातडीखाली सापडली तर हातात घेऊन पाहा: पुढच्या चार पाकळ्या मागे वळलेल्या, बूड जसंच्या तसं, नळीच्या आतल्या आट्यांच्या खुणा त्यावर स्पष्ट, आणि वजन जवळजवळ मूळचंच. तांबं शिशापेक्षा हलकं असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, म्हणून तांब्यात एक पायरी हलकी घ्या: शिशाची १८० घेत असाल तर तांब्याची १६५ किंवा १५०.

एक गोष्ट अगदी ठाम: पूर्ण आवरणाची, लष्करी पद्धतीची गोळी फक्त रेंजवर. ती फुलत नाही, बारीक भोक पाडून पार होते, आणि जनावर तासन्‌तास तडफडतं. बऱ्याच राज्यांत मोठ्या जनावरांवर तिला बंदीच आहे.

कॅलिफोर्नियात शिशाची गोळी चालत नाही, हे खरं का?

खरं आहे. १ जुलै २०१९ पासून तिथे शिकारीसाठी शिशाची गोळी संपूर्ण राज्यात बंद आहे. शिकारी आतडी-कोथळा रानात टाकून जातात, त्यातले शिशाचे कण कॅलिफोर्निया काँडॉर या दुर्मीळ गिधाडाच्या पोटात जातात आणि विषबाधा होते. आपल्याकडे गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे गिधाडांचं काय झालं हे पाहिलेल्या माणसाला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. कायदा नसलेल्या राज्यातही मी तांब्याचीच गोळी सुचवतो. मांस घरी मुलंही खातात, हे दुसरं कारण.

मी न्यू जर्सीत राहतो. तिथे हरणावर रायफल चालते का?

आधुनिक काडतुसाची रायफल चालत नाही. न्यू जर्सीत हरणासाठी शॉटगन, तोंडातून ठासायची मझललोडर आणि धनुष्यबाण. म्हणून एडिसन किंवा जर्सी सिटीतला माणूस रायफल घेऊन निघतो तो पेनसिल्व्हेनियाला, आणि तिथेही फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्गभोवतीच्या भागांत निर्बंध आहेत. ओहायो आणि आयोवात हरणासाठीच्या रायफलीला सरळ भिंतीची, म्हणजे नळकांडं तोंडाशी अरुंद न होणारी काडतुसं लागतात, जी दूर जात नाहीत. अशा भागात असाल तर वरची पाचही नावं बाजूला ठेवा आणि २०१९ मध्ये आलेलं .३५० लेजंड किंवा .४५० बुशमास्टर पाहा. नियम दरवर्षी बदलतात. खरेदीच्या दिवशी राज्याच्या वन्यजीव खात्याची त्या वर्षाची पुस्तिका उघडून पाहा.

टेक्सासमध्ये नीलगायीची शिकार होते म्हणतात. तिला काय लागतं?

होते, आणि कायदेशीर होते. १९२० आणि ३० च्या दशकांत दक्षिण टेक्सासमधल्या किंग रँचवर नीलगायी सोडल्या गेल्या आणि तिथल्या काटेरी झुडपांत त्या वाढल्या. चितळ टेक्सासमध्ये १९३२ मध्ये आलं. तिथे त्याला अ‍ॅक्सिस म्हणतात. काळवीटही आहे. ही परदेशी जनावरं असल्याने त्यांना हरणासारखा ठरलेला हंगाम नाही. जमीनमालकाची परवानगी आणि शिकारीचा परवाना लागतो. भारतात ज्या जनावरांना कायद्याचं संरक्षण आहे, त्यांच्यावर तिथे बंदूक धरायची की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण तिथल्या रानात त्यांनी स्थानिक हरणांच्या चाऱ्यावर ताण आणला आहे, हेही लक्षात घ्या.

चितळ हलकं; .३०८ काय, .२४३ सुद्धा पुरे. नीलगाय मात्र इथल्या सगळ्यात चिवट जनावरांत मोडते. नर अडीचशे किलोंच्या पुढे जातो, मानेची आणि खांद्याची कातडी जाड, आणि गोळी लागल्यावर रक्त बाहेर फार कमी येतं. ती त्या झुडपांत दोनशे यार्ड गेली तरी माग सापडत नाही. म्हणून तिथले जाणकार हरणापेक्षा थोडं पुढे, थेट खांद्यातून गोळी मारायला सांगतात, म्हणजे हाड मोडतं आणि ती पळू शकत नाही. .३०-०६ आणि १८० ग्रेनची कणखर गोळी ही मी किमान धरतो. .३०० मॅग्नम खरोखर उपयोगी पडतं अशा थोड्या जागांपैकी ही एक, पण ते तुम्हाला न दचकता चालवता येत असेल तरच.

बोल्ट अ‍ॅक्शन की सेमी-ऑटो? कुठली कंपनी?

बोल्ट, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने दांडा मागे-पुढे करून नवं काडतूस भरायची रायफल. साधी, खात्रीची, साफ करायला सोपी, आणि पहिल्या गोळीवर लक्ष ठेवायला लावणारी. पेनसिल्व्हेनियात मोठ्या जनावरांसाठी सेमी-ऑटो, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणारी रायफल चालतच नाही. रुगर अमेरिकन, सॅव्हेज अ‍ॅक्सिस, फिनलंडची टिका टी-थ्री-एक्स, हाऊवा १५०० या सगळ्या चांगल्या. मला टिकाचा बोल्ट सगळ्यात गुळगुळीत वाटतो. पण बजेट आवळलेलं असेल तर स्वस्तातली रुगर घ्या आणि उरलेल्या पैशांची काडतुसं. नळी २२ इंचांची असली की झालं.

रायफलीवरच्या दुर्बिणीत ३-९×४०, म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी आणि ४० मिलिमीटरच्या भिंगाची, यापेक्षा जास्त लागत नाही. रानात ती तीनवर ठेवा. दाट झाडीत पन्नास यार्डांवर हरीण उभं राहिलं आणि दुर्बीण नऊवर असली, तर नुसते केस दिसतात, जनावराचा कुठला भाग आहे ते कळत नाही.

बायको आणि मुलगीही शिकणार आहेत. त्यांच्यासाठी वेगळी रायफल हवी का?

कॅलिबर वेगळं नको, दस्ता वेगळा हवा. दुकानातल्या रायफलीचा दस्ता उंच, लांब हातांच्या माणसासाठी कापलेला असतो. तो लांब पडला की माणूस मागे वाकतो, गाल दस्त्यावर नीट टेकत नाही, आणि धक्का दुप्पट वाटतो. आखूड दस्त्याची मॉडेलं मिळतात, काहींत पट्ट्या घालून लांबी वाढवता येते. ६.५ क्रीडमोर किंवा ७ एमएम-०८ घ्या, सुरुवात .२२ रिमफायर या छोट्या, हलक्या काडतुसावर करा, आणि कानांवर दुहेरी संरक्षण ठेवा, आत बोळे आणि वर मफ. पुष्कळांना धक्क्यापेक्षा आवाजाचीच धास्ती जास्त असते.

किती अंतरावरून गोळी मारावी?

आठ इंचांची कागदी ताटली लावा. हरणाचं काळीज आणि फुप्फुसं साधारण तेवढ्या जागेत असतात. बेंचवरून नव्हे, तर गुडघा टेकून, बसून, काठीच्या आधाराने, म्हणजे रानात मिळेल तशा आधाराने गोळ्या मारा. ज्या अंतरावर पाचही गोळ्या ताटलीत बसतात, ते तुमचं अंतर. बहुतेकांचं ते पहिल्या वर्षी शंभर-दीडशे यार्ड निघतं, आणि पूर्वेकडच्या जंगलात त्याहून लांबची संधी क्वचितच येते.

रायफल दोनशे यार्डांवर झिरो केली, म्हणजे तिथे नेम आणि गोळी जुळतील अशी दुर्बीण लावली, तर शंभरवर गोळी दीड-दोन इंच वर लागते आणि तीनशेवर सात ते नऊ इंच खाली जाते. म्हणजे दोनशेच्या आत नेम थेट धरायचा, काही हिशेब करायचा नाही.

गोळी लागली आणि जनावर पळालं तर?

लगेच मागे धावू नका. ते जिथे उभं होतं ती जागा एखाद्या झाडाच्या खुणेने पक्की करा आणि रक्त पाहा. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुसं. अर्धा तास थांबून मागावर जा, ते जवळच सापडेल. काळपट लाल म्हणजे बहुधा यकृत, तिथे काही तास द्या. रक्तात हिरवट घाण आणि वास असेल तर गोळी पोटात आहे. तेव्हा सहा-आठ तास तरी थांबायचं. लवकर गेलात तर ते उठून मैलभर जातं आणि कुणालाच सापडत नाही. काही राज्यांत पट्टा बांधलेल्या कुत्र्याने माग काढायला परवानगी असते. अशा माणसाचा नंबर हंगामाआधीच मिळवून ठेवा.

हंगामाआधी काय काय उरकून ठेवावं?

जे काडतूस रानात वापरणार, त्याच्याच एका लॉटची तीन-चार खोकी ऑगस्टमध्ये घेऊन ठेवा. ऑक्टोबरात दुकानं रिकामी होतात. दुर्बिणीच्या रिंगांचे स्क्रू तपासा. घरी रोज दहा मिनिटं रिकाम्या रायफलीवर चाप ओढायचा सराव करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून आणि चेंबर, म्हणजे नळीतली काडतुसाची जागा, दोनदा पाहून. नंतर वेगवेगळ्या दिवशी रेंजवर जाऊन थंड नळीने फक्त पहिली गोळी मारा आणि ती कुठे लागली ते वहीत लिहा. बेंचवर नळी तापल्यावरचा गोळ्यांचा सुंदर गट रानात उपयोगाचा नाही, कारण तिथे नळी नेहमी थंडच असते.